आठवड्याचा पतंग, अर्ध्या वर्षाची झोप

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस होऊन गेला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या फांद्यांना लोंबणाऱ्या करड्या-पिवळट कोशांपैकी काहींचे वरचे टोक ओले दिसू लागते. वेळ दिवेलागणीनंतरची. आतून कुणीतरी तिथे पाझर सोडत असते. हळूहळू ते टोक मऊ पडते, धागे बाजूला सरतात आणि चुरगळलेल्या पंखांचा एक जाडजूड पतंग बाहेर येऊन त्याच कोशाला लटकून राहतो. थोड्या वेळाने पंख पसरतात आणि वाळतात. पसरलेल्या पंखांची रुंदी १५ ते १८ सेंटिमीटर भरते. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका असतो आणि त्या ठिपक्याच्या मध्यभागी काचेसारखा पारदर्शक पडदा. नर तांबूस-तपकिरी, मादी पिवळी किंवा राखाडी आणि नरापेक्षा मोठी.

या देखण्या प्राण्याला खाता येत नाही. त्याच्या तोंडाचे अवयव इतके खुरटलेले असतात की अन्न घेणे त्याच्या आयुष्यात उरलेलेच नाही. अळी असताना खाऊन साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर दहा दिवस जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मीलन करायचे, मादीने अंडी घालायची आणि संपायचे. या आठवड्याच्या आधी मात्र त्याने त्याच कोशात सहाएक महिने झोपून काढलेले असतात.

हा टसरचा पतंग. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. ड्रू ड्रुरी या इंग्रज कीटकसंग्राहकाने १७७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तुतीची पाने खाणारा रेशीमकिडा माणसाने हजारो वर्षे पाळून इतका परावलंबी केला आहे की त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरचे तसे नाही. तो अजून रानटीच आहे. भारतात त्याचे ४४ स्थानिक प्रकार नोंदले गेले आहेत. त्यातला एक भंडारा या नावानेच ओळखला जातो आणि तो पूर्व विदर्भाचा आहे. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये सालवृक्षावर वाढणारा रैली नावाचा दुसरा प्रकार आहे, त्याचे कोश लोक थेट जंगलातून वेचून आणतात. आपल्याकडे साल नाही. आपला टसर ऐनावर आणि अर्जुनावर वाढतो. ऐनाला झाडीपट्टीत येन म्हणतात आणि कोशाला कोसा. या लेखातही पुढे कोसाच म्हणू या, कारण कोश, कोष आणि कोशित या शब्दांचा गोंधळ भल्याभल्यांना होतो. कोसा म्हणजे बाहेरचे रेशमी घर. त्याच्या आत झोपलेला जीव म्हणजे प्युपा.

बाहेर पडण्याची ती युक्ती आधी पाहू. कोसा इतका टणक असतो की तो बोटांनी फाडता येत नाही. पतंगाला तर दातही नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातले फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये या कुळातल्या पतंगांवर काम करून दाखवले की पतंग एक पाचकद्रव्य वापरतो. त्याला कोकूनेज असे नाव मिळाले. आपल्या आतड्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनचे ते जवळचे नातेवाईक. रेशमाचा धागा दोन प्रथिनांचा असतो, आत फायब्रॉइन आणि वरून सेरिसिन नावाचा डिंक. कोकूनेज फक्त डिंक विरघळवते. डिंक गेला की धागे सुटे होतात आणि पतंग डोके घालून वाट काढतो. धागा खाऊन किंवा कुरतडून तो बाहेर येतो असे पुष्कळदा छापलेले आढळते, ते बरोबर नाही. पण माणसाच्या दृष्टीने परिणाम जवळपास सारखाच. टोकाशी धागे विस्कटलेल्या कोशातून सलग सूत ओढता येत नाही. या एका गोष्टीभोवती टसरचे सगळे अर्थकारण फिरते, त्याकडे पुढे येऊच.

आणि संध्याकाळच का? याचेही उत्तर टसरच्या जवळच्या भावंडावर मिळाले. चीनमधला ओकवर वाढणारा टसर दिवस मावळताना बाहेर पडतो, तर अमेरिकेतला सेक्रोपिया नावाचा रेशमी पतंग सकाळी. जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफोर्ड यांनी या दोघांच्या प्युपांचे मेंदू काढून अदलाबदल केली आणि चक्क पोटात बसवले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की मेंदू ज्याचा, वेळ त्याची. सेक्रोपियाचा मेंदू पोटात घेतलेला ओक टसर सकाळी बाहेर आला. म्हणजे घड्याळ मेंदूत आहे, ते काही मज्जातंतूंच्या तारांनी जोडलेले नाही. मेंदू ठरल्या वेळी रक्तात एक संप्रेरक सोडतो आणि शरीर हालचालीला लागते. किड्यांच्या मेंदूची अशी उचलबांगडी कुणाला क्रूर वाटेल, पण जैविक घड्याळाबद्दल आज आपल्याला जे कळते त्यातले बरेचसे अशाच प्रयोगांतून आले आहे.

बाहेर आलेली मादी फारशी हलत नाही. पोट अंड्यांनी भरलेले असते. ती एका जागी बसून हवेत गंधद्रव्य सोडते. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद आणि दाट असतात, त्या या गंधाचे मोजके रेणूही टिपतात. वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तो तिच्यापर्यंत पोचतो. मीलन रात्री सुरू होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कित्येक तास चालते. नंतरच्या दोन-तीन रात्रींत मादी साधारण दीडशे ते अडीचशे अंडी घालते. अंडे तीनेक मिलिमीटरचे, चपटे, मोहरीपेक्षा थोडे मोठे. आठ-दहा दिवसांत त्यातून अळी निघते.

काळ्या डोक्याची, पिवळट-तपकिरी अंगाची ही अळी जन्मतः काही मिलिग्रॅम वजनाची असते. पहिली कात टाकली की ती हिरवी होते, पानात मिसळून जाते. एकूण चार वेळा कात आणि पाच अवस्था. पावसाळ्यात हे सगळे पाच-सहा आठवड्यांत उरकते, थंडीत जास्त दिवस लागतात. पाचव्या अवस्थेत ती करंगळीपेक्षा लांब, अंगठ्यापेक्षा जाड झालेली असते आणि तिच्या बाजूंवर चांदीच्या टिकल्यांसारखे ठिपके चमकतात. जन्माच्या वेळचे वजन हजारो पटींनी वाढलेले असते. आयुष्यभरात खाल्लेल्या पानांतला सर्वात मोठा वाटा या शेवटच्या अवस्थेत खाल्ला जातो. तेव्हा रात्री झाडाखाली उभे राहिले तर पाने कुरतडल्याचा आवाज येतो, हलका पाऊस पडावा तसा.

इथे माणूस येतो. गडचिरोलीतला आरमोरी परिसर, चंद्रपूरमधले सावली-सिंदेवाहीकडचे पट्टे, शिवाय भंडारा आणि गोंदिया हा महाराष्ट्राचा टसर प्रदेश. इथे टसर पाळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने ढिवर समाज करत आला आहे. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे. मामा तलावांतले मासे आणि येनाच्या रानातला कोसा ही त्यांच्या वर्षाची दोन टोके. पाळणे हा शब्दही इथे जरा सैलच वापरायचा. तुतीच्या रेशमासारखे ट्रेमध्ये पाने टाकून घरात वाढवणे टसरला मानवत नाही. अळ्या झाडावर सोडायच्या, त्या झाडाची पाने संपली की अळ्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडाला लावायची आणि दिवसरात्र राखण करायची. राखण हेच मुख्य काम. मुंग्या, गांधीलमाश्या, प्रार्थनाकीटक, अळीच्या अंगात सोंड खुपसून रस शोषणारे ढेकणाच्या जातीचे किडे, खारी, माकडे, कावळे हे सगळे या हिरव्या, गुबगुबीत, बिनविषारी अळीच्या मागावर असतात. उझी माशी तर अळीच्या अंगावरच अंडे घालते. तिची पिल्ले अळीच्या आत शिरून वाढतात आणि कधीकधी अळी कोसा विणून झाल्यावर तो फोडून बाहेर पडतात. त्यामुळे एका मादीच्या दोनशे अंड्यांमागे पन्नासेक कोसे हाती आले तर लोक पीक चांगले झाले म्हणतात. गलोल हातात घेऊन सकाळपासून झाडाखाली बसलेला माणूस नसेल तर तेवढेही येणार नाहीत.

हे बसणे आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. याच रानात वाघ आहेत आणि त्यांची संख्या वाढली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात जेरबंद केलेल्या सीटी-१ या एका वाघावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळपही गडचिरोलीत फिरतो आहे. टसरचा हंगाम जुलैपासून डिसेंबरपर्यंतचा, झाडोरा सगळ्यात दाट असण्याचा. अळीची राखण करणाऱ्याला पहाटे आणि संध्याकाळीही तिथेच असावे लागते, कारण पाखरे आणि माकडे वेळ पाहून येत नाहीत. रानात जाऊ नका ही सूचना मोहफुले किंवा तेंदूपाने वेचणाऱ्याला निदान एक-दोन दिवस पाळता येते. टसरवाल्याने दोन दिवस पाठ फिरवली तर हंगाम गेला.

जुन्या काळी या कामाला कडक सोवळे असायचे. उत्तरेकडच्या मिर्झापूर भागातल्या टसर पाळणाऱ्यांचे नियम जेम्स फ्रेझर यांनी आपल्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात नोंदवले आहेत. संगोपनाच्या काळात बायकोपासून दूर राहायचे, खाटेवर झोपायचे नाही, अंगाला तेल लावायचे नाही, नखे-केस कापायचे नाहीत, तूप खायचे नाही, खोटे बोलायचे नाही. असल्या प्रथांत आधुनिक विज्ञान शोधण्याची आपल्याकडे फार हौस आहे. यात स्वच्छतेचा आणि वासाचा भाग थोडा असेल, नाही असे नाही. पण खोटे बोलल्याने अळ्या मरत नाहीत. त्या एका वेगळ्याच कारणाने मरत होत्या, आणि ते कारण सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारे नव्हते.

त्याचे नाव पेब्रिन. नोसेमा नावाच्या अतिसूक्ष्म परजीवीमुळे होणारा हा रोग तुतीच्या रेशीमकिड्यालाही होतो आणि टसरलाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने फ्रान्सचा रेशीमधंदा जवळजवळ बसवला, तेव्हा लुई पाश्चर यांना १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आलेस गावी पाठवण्यात आले. तोवर त्यांनी रेशीमकिड्यावर काहीच काम केलेले नव्हते. पाच वर्षे खपून १८७० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. रोगाची खोच अशी की तो आईकडून अंड्यात उतरतो. अळीला लागण झाल्यावर औषध नाही. म्हणून पाश्चर यांनी सांगितलेला उपाय औषधाचा नव्हता, निवडीचा होता. प्रत्येक मादीला वेगळ्या जागी अंडी घालू द्या, अंडी घालून झाली की ती मादी कुटून तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. परजीवीचे बीजाणू दिसले तर त्या मादीची सगळी अंडी नष्ट करा.

दीडशे वर्षांनंतरही यापेक्षा चांगला उपाय मिळालेला नाही. टसरच्या बीजकेंद्रांत आजही हेच करतात. मीलन झालेली प्रत्येक मादी वेगळ्या छोट्या भांड्यात किंवा पिशवीत ठेवली जाते. तपासणीत निर्दोष ठरलेल्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात, तेच शेतकऱ्याला दिले जातात. केंद्रीय रेशीम मंडळाची टसरची संशोधन संस्था रांचीला आहे, भंडाऱ्याला मंडळाचे बीज केंद्र आहे आणि राज्याच्या रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपूरला. आपल्या आरोग्याच्या भाषेत सांगायचे तर ही गरोदरपणातली तपासणीच, फक्त ती आई मेल्यावर होते. तपासलेले अंडीपुंज वेळेवर आणि पुरेसे मिळाले नाहीत तर पाळणारे घरच्या कोशांतून पतंग काढून घरचीच अंडी वापरतात. त्यांचे बरोबर आहे, पाऊस काही थांबत नाही. पण न तपासलेल्या एका रोगी मादीची पिल्ले शेजारच्या निरोगी अळ्यांच्या पानांवर विष्ठा टाकतात आणि बीजाणू झाडभर पसरतात.

पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते, पोट रिकामे करते आणि कोसा विणायला घेते. आधी एक देठ. फांदीभोवती रेशमाचा घट्ट वेढा टाकून त्याला दोरीसारखा देठ लोंबवायचा आणि त्याच्या खाली घर बांधायचे. ऐन पानझडीचा. पान गळून पडले तरी कोसा पडत नाही, कारण तो पानाला नव्हे तर फांदीला बांधलेला असतो. डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत अळी तीन-चार दिवस विणत राहते. सात-आठशे मीटर किंवा त्याहून लांब असा एकच धागा. विणून झाल्यावर ती आतून एक द्रव सोडून सगळे घर भिजवते. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक धाग्यांमध्ये बसतात आणि वाळल्यावर कोसा लाकडासारखा टणक होतो. मूतखड्यात सापडतो तोच हा क्षार. आपल्याला तो दवाखान्यात नेतो, इथे भिंतीचा गिलावा होतो.

पावसाळ्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचा प्युपा तीनेक आठवड्यांत पतंग होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. भंडारा प्रकार वर्षात तीन पिढ्या काढतो, बाहेरून आणलेला डाबा प्रकार मुख्यतः दोन. पण हिवाळ्याच्या तोंडावर बनलेल्या कोशातला प्युपा वेगळाच वागतो. तो थांबतो. वाढ बंद, श्वासोच्छ्वास नाममात्र. पुढचे सहाएक महिने, चंद्रपूरचे ४६-४७ अंशांचे ऊन धरून, तो तसाच राहतो. याला शास्त्रीय भाषेत सुप्तावस्था म्हणतात. कारण सरळ आहे. जानेवारीनंतर ऐनाची पाने निबर होतात, मग झडतात. त्या वेळी अळी जन्मली तर ती खाणार काय?

पण बंद, टणक, काळोख्या घरातल्या जीवाला बाहेरचा ऋतू कळतो कसा? विल्यम्स यांनीच, पेरी अ‍ॅडकिसन यांच्यासह, १९६४ मध्ये ओक टसरवर याचा छडा लावला. प्युपाचे कवच सगळीकडे तपकिरी असते, पण मेंदूच्या बरोबर समोर त्याला एक पारदर्शक खिडकी असते. कोशातून झिरपणारा अंधुक उजेड तिथून थेट मेंदूवर पडतो आणि मेंदू दिवसाची लांबी मोजतो. डोळ्यांचा त्यात संबंध नाही. दिवस पुरेसे मोठे झाले की मेंदू संप्रेरक सोडतो आणि थांबलेले शरीर पुन्हा कामाला लागते. आपल्या टसरमध्ये दिवसाच्या लांबीबरोबर तापमान आणि दमटपणाही महत्त्वाचा ठरतो. म्हणून विदर्भात तो पहिल्या पावसाची वाट पाहतो.

आणि इथेच सध्याची दुखरी जागा आहे. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला, दोन-चार दिवस हवा थंड आणि दमट राहिली की काही प्युपांची फसगत होते. ते लवकर जागे होतात. चार आज, दोन परवा असे तुरळक पतंग बाहेर पडतात. आठवडाभराच्या आयुष्यात नराला मादी आणि मादीला नर भेटेलच असे नाही. भेटले, तरी अंड्यातून निघालेल्या अळीला कोवळे पान नाही. उलट टोकाला, उन्हाळा फार कडक गेला तर काही प्युपा आतच वाळून मरतात आणि वाचलेल्या नरांची प्रजननक्षमता घटते. बीजकेंद्रांत कोशांच्या माळा करून त्या हवेशीर खोल्यांत टांगतात, उन्हाळ्यात खोल्या गार ठेवण्याचा आटापिटा करतात, तो यासाठी. तरीही पाऊस पंधरा दिवस लांबला की सगळे गणित ढळते. पतंगाला रजा वाढवून मागता येत नाही.

आता त्या अर्थकारणाकडे. कोशातून सलग धागा हवा तर पतंग बाहेर येण्याआधी प्युपा वाफेने किंवा कडक उन्हाने मारावा लागतो. पुढच्या वर्षी अंडी हवीत तर काही कोसे जिवंत ठेवावे लागतात, मग त्यांचा धागा गेला. अशा भोक पडलेल्या कोशांचे सूत कापसासारखे कातावे लागते आणि त्याला भाव कमी. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत व्यापारी दारात उभा असतो आणि घरात पैशांची गरज असते तेव्हा उत्तम, मोठे, जड कोसे बाजूला काढून जूनपर्यंत जपायचे की विकायचे, हा दरवर्षीचा प्रश्न. चांगले विकून उरलेसुरले बीजासाठी ठेवले की पुढच्या पिढ्या लहान कोसे देणाऱ्या होत जातात. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अर्धे वर्ष जपलेल्या बीज कोशाचा भाव जानेवारीतल्या भावापेक्षा नक्की जास्त मिळेल एवढी खात्री त्याला कुणी दिलेली नसते.

इथले टसर विणले की करवतकाठी साडी होते. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून करवतकाठी. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. साडी नेसणाऱ्यांनी धाग्याबद्दल एक गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. मध्य आणि पूर्व भारताच्या टसर पट्ट्यात हजारो स्त्रिया उकडलेल्या कोशांतले धागे उघड्या मांडीवर वळून सूत काढत आल्या आहेत. सोडा-साबणात शिजवलेला ओला, खरखरीत धागा रोज तासन्‌तास त्याच जागी घासला जातो. कातडी सोलवटते, काळी पडते, जखमा चिघळतात. केंद्रीय रेशीम मंडळाने यासाठी ‘बुनियाद’ नावाचे छोटे यंत्र आणले आहे आणि मांडीवरचे सूतकाम पूर्ण बंद करण्याचे धोरण घेतले आहे. यंत्र घरापर्यंत पोचले तर हा त्रास बंद होतो, इतका सुटसुटीत उपाय असलेले आरोग्याचे प्रश्न फार नसतात.

याच धाग्याचा एक उपयोग अगदी वेगळा आहे. टसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची एक साखळी असते. आपल्या शरीरातल्या पेशी बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटताना नेमकी हीच खूण ओळखतात. तुतीच्या रेशमात ती नसते. त्यामुळे टसरच्या प्रथिनाची जाळी तयार केली तर तिच्यावर पेशी सहज रुजतात. खरगपूरच्या आयआयटीमध्ये सुभाष कुंडू यांच्या गटाने या पतंगाच्या रेशमावर अनेक वर्षे असे प्रयोग केले आहेत, जखमा भरणे आणि ऊती तयार करणे यांसाठी. हे काम प्रयोगशाळेतले आहे. उद्या दुकानात टसरची मलमपट्टी मिळेल असा त्याचा अर्थ घेऊ नये.

राहता राहिले झाड. ऐन ही मिश्र जंगलाची जात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन जिल्ह्यांतले बरेच मिश्र जंगल तोडून तिथे साग लावला गेला. वनविकास महामंडळाचे ते अनेक वर्षे मुख्य कामच होते. सागाचे पान टसरची अळी खात नाही. जिथे ऐन उरला तिथे पाळणाऱ्याला फांद्या छाटाव्या लागतात, कारण वीस मीटर उंच झाडावर अळ्यांची राखण होत नाही. आणि फांदी छाटली की वननियमांचा प्रश्न येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने यात थोडा आधार दिला. गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोश यांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. गंमत म्हणजे ती यादी ‘वनस्पतिजन्य’ उत्पादनांची आहे. किड्याने विणलेले रेशीम संसदेने झाडाच्या खाती टाकले, मधाचेही तेच. जीवशास्त्राच्या पेपरात गुण कापले जातील, पण पाळणाऱ्याच्या फायद्याची चूक आहे.

अडचण वेगळीच आहे. ढिवर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे या कायद्याखाली त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तलाव आणि येनाच्या रानात फिरत जगलेल्या कुटुंबाकडे इतका जुना कागद कुठून असणार? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळत गेले. तिथे ग्रामसभेने ठरवले तर येनाचा एखादा पट्टा टसरसाठी राखता येतो आणि त्यात ढिवर कुटुंबांनाही जागा देता येते, वैयक्तिक पुराव्याची वाट न पाहता.

हिवाळ्याच्या शेवटी, पाने झडल्यावर, ताडोबाच्या वाटेवर किंवा आरमोरीकडे जाताना रस्त्यालगतच्या ऐनावर देठाला लोंबणारा अंड्याच्या आकाराचा कोसा दिसू शकतो. वरच्या टोकाला भोक असेल तर पतंग गेलेला. भोक नसेल आणि हातात जड लागला तर आत प्युपा आहे, खिडकीतून दिवस मोजतो आहे. तो फांदीवरच राहू द्यावा. शोभेची वस्तू म्हणून घरी नेलेला कोसा जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी दिवाणखान्यात उघडतो आणि तिथे त्या पतंगाला शोधत कुणी येणार नसते.